पेनीतलं तांबं आणि पेनीचा भाव

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत १२ नोव्हेंबर २०२५ रोजी चलनासाठीची शेवटची पेनी पाडली गेली. एक सेंटच्या नाण्याला २०२४ मध्ये ३.६९ सेंट खर्च येत होता, म्हणजे हा निकाल अपेक्षितच होता. साठवलेल्या जुन्या पेन्यांचं काय येईल, हा प्रश्न मात्र आता जास्तच विचारला जातोय. त्याचं उत्तर तांब्याच्या वजनात फारसं सापडत नाही. ते सापडतं धातू बदलतानाच्या गोंधळात.

१७९३ ची पहिली पेनी निव्वळ तांब्याची आणि चांगली मोठी होती. १८५७ मध्ये ती लहान झाली, निकेल मिसळलं गेलं. १८६४ पासून ९५ टक्के तांब्याचं कांस्य आलं. १९०९ मध्ये लिंकनचा चेहरा आला तरी मिश्रण तेच राहिलं.

खरी गंमत १९४३ ची. तोफगोळ्यांच्या नळकांड्यांना तांबं हवं होतं, म्हणून पेनी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची झाली. (त्याच युद्धापायी आपल्याकडे त्याच वर्षी भोकाचा पैसा आला.) पोलादी पेनी गंजायची, लोक तिला डाइम (दहा सेंटचं नाणं) समजायचे, वर्षभरात तिची हौस फिटली. अशा शंभर कोटींहून जास्त पाडल्या गेल्यामुळे झिजलेल्या पोलादी पेनीला आज फार काही येत नाही. पण यंत्रात आदल्या वर्षीच्या काही कांस्याच्या कोऱ्या चकत्या अडकून राहिल्या होत्या आणि त्यांवर १९४३ चा ठसा उमटला. त्यांतल्या मोजक्याच माहीत आहेत. डेन्व्हरच्या टांकसाळीतली एक २०१० मध्ये १७ लाख डॉलरला गेली. साहजिकच नकलांचा सुळसुळाट: कुणी पोलादी पेनीवर तांब्याचा मुलामा चढवतं, कुणी १९४८ मधला ८ तासून ३ करतं. लोहचुंबक धरला की पहिली लबाडी तिथल्या तिथे उघडी पडते; दुसरीसाठी भिंग लागतं.

१९७४ मध्ये तांबं महागलं म्हणून ॲल्युमिनियमची पेनी करून पाहिली, पण ती चलनात आलीच नाही. अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, सदस्यांना दाखवलेले काही नमुने परत आले नाहीत. सरकार ते आजही आपलीच मालमत्ता मानतं.

शेवटी १९८२ मध्ये बदल झाला: आत जस्त, वर तांब्याचा पातळ थर, एकूण तांबं जेमतेम अडीच टक्के. त्या वर्षी दोन्ही जाती पाडल्या गेल्या. वजनकाटा हाच निवाडा: ३.११ ग्रॅम भरली तर कांस्याची, अडीच भरली तर जस्ताची. डेन्व्हरची, सालाचे आकडे लहान असलेली, पण कांस्याची १९८२ ची पेनी असू शकेल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. २०१६ मध्ये तशी एक उजेडात आली. पुन्हा तेच, जुन्या चकतीवर नवा ठसा.

धातूच्या गोंधळातून भाव येतो, याला मोठा अपवाद १९०९ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या पेनीचा. शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांची आद्याक्षरं ठळक दिसतात म्हणून ओरड झाली आणि ती काही दिवसांतच काढली गेली. तोवर तिथे ४,८४,००० नाणी पाडून झाली होती. धातू नेहमीचाच, तरी झिजलेल्यालाही शेकडो डॉलर मोजावे लागतात. मात्र चिंच लावून लखलखीत केलं, तर भाव गडगडलाच म्हणून समजा.

उरल्या १९८२ पूर्वीच्या साध्या पेन्या. त्यांत जवळपास तीन ग्रॅम तांबं असतं आणि त्याचा भाव बऱ्याचदा सेंटाच्या वर जातो. पण त्या वितळवायला २००६ पासून बंदी आहे: पाच वर्षांपर्यंत कैद, १०,००० डॉलरपर्यंत दंड.