सँड्रा श्मिर्लर : एका पुरस्काराच्या नावामागचा इतिहास

कर्लिंग म्हणजे बर्फावरून दगड सरकवून खेळायचा सांघिक खेळ. कॅनडाच्या महिलांच्या राष्ट्रीय कर्लिंग स्पर्धेत निर्णायक टप्प्यातील सर्वोत्तम खेळाडूला जो पुरस्कार दिला जातो, त्याला सँड्रा श्मिर्लर हिचे नाव आहे. याच स्पर्धेतील खिलाडूवृत्तीचा पुरस्कार मार्ज मिचेल हिच्या नावाने दिला जातो. दोघीही सस्कॅचवान प्रांतातील रजायना शहराच्या कर्णधार, दोघीही जगज्जेत्या, आणि दोघींनाही पस्तिशीच्या आसपास कर्करोगाने गाठले. मिचेलच्या संघाने 1980 मध्ये कॅनडाला महिलांचे पहिले जागतिक विजेतेपद मिळवून दिले आणि 1983 मध्ये तिचे निधन झाले. त्या वेळी श्मिर्लर वीस वर्षांची होती.

सँड्राचा जन्म 11 जून 1963 रोजी सास्काटूनच्या पश्चिमेला असलेल्या बिगर या लहानशा गावी झाला. गव्हाच्या शेतीवर जगणाऱ्या या सपाट मुलखात हिवाळा दीर्घ असतो, त्या काळात शेतीची कामे थांबतात आणि गावकरी कर्लिंगच्या रिंकवर जमतात. स्कॉटलंडहून आलेल्या वसाहतकऱ्यांनी हा खेळ कॅनडात आणला. पण सस्कॅचवानने तो इतका आपलासा केला की कर्णधार घडवण्याचे काम मोठ्या अकादमींना नव्हे, तर गावोगावच्या क्लबांना साधले. सँड्रा शाळेतच हा खेळ शिकली आणि पुढे विद्यापीठात शारीरिक शिक्षणाचा अभ्यास करून नोकरीनिमित्त रजायनाला आली. तेथे ती एका क्रीडा व मनोरंजन केंद्रात पर्यवेक्षक होती आणि संध्याकाळी क्लबमध्ये खेळत असे.

तिची कामगिरी समजण्यासाठी कर्लिंगमधील कर्णधाराचे, म्हणजे स्किपचे, काम थोडे जाणून घ्यावे लागते. सुमारे 45 मीटर लांबीच्या बर्फाच्या पट्टीवरून ग्रॅनाइटचा जवळपास वीस किलो वजनाचा दगड पलीकडच्या वर्तुळाकडे सरकवायचा असतो आणि दोन सहकारी त्याच्यापुढचा बर्फ ब्रशने घासून त्याची गती व वळण राखत असतात. स्किप समोरच्या वर्तुळात उभी राहून बर्फाचा अंदाज घेते, डाव ठरवते, ओरडून सूचना देते आणि प्रत्येक एंडचे, म्हणजे सामन्यातील प्रत्येक फेरीचे, शेवटचे दोन दगड स्वतः टाकते. तीन जणींच्या चुका किंवा करामती जमेला धरून अखेरचा दगड टाकण्याचे ओझे तिच्यावरच असते.

1987 मध्ये सँड्रा कॅथी फाल्मन हिच्या संघातून राष्ट्रीय स्पर्धेत खेळली, पण तेव्हा ती कर्णधार नव्हती. 1990 नंतर तिने नेतृत्व स्वीकारले आणि जॅन बेटकर, जोन मॅककस्कर, मार्शा गुडराइट व ती असा चौघींचा संघ तयार झाला. खेळाडूंची अदलाबदल सर्रास होत असलेल्या या खेळात हा संघ टिकून राहिला, हीच त्याची खरी ताकद होती असे मला वाटते. 1993 मध्ये ब्रँडन येथे त्यांनी राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले आणि त्याच वर्षी जिनिव्हात जागतिक अजिंक्यपदही मिळवले. पुढच्या वर्षी जर्मनीतील ओबर्स्टडॉर्फ येथे त्यांनी ते राखले, आणि 1997 मध्ये बर्नमध्ये तिसऱ्यांदा जिंकले. तीन जागतिक विजेतेपदे मिळवणारा हा महिलांचा पहिला संघ होता. या सगळ्या काळात चौघींनाही नोकरी आणि संसार होता. सरावासाठी पगार मिळण्याचे दिवस अजून यायचे होते.

दरम्यान 1998 च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये कर्लिंगला पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळाले होते आणि महिलांसाठी ती पहिलीच संधी होती. कॅनडाचा संघ निवडण्याची स्पर्धा नोव्हेंबर 1997 मध्ये पुन्हा ब्रँडनलाच झाली. सँड्राची पहिली मुलगी सारा त्या वेळी अवघ्या दोन महिन्यांची होती. अंतिम सामना शॅनन क्लायब्रिंक हिच्या संघाशी होता आणि सातव्या एंडमध्ये सँड्राने जो दगड टाकला तो कॅनडात आजही आठवला जातो. कॅरममध्ये एका सोंगटीला कट मारून स्ट्रायकर दुसरीवर नेतात, तशाच रीतीने बाजूच्या दगडाला लागून तिचा दगड आत वळला, त्याने वर्तुळातील प्रतिस्पर्ध्यांचा दगड काढला आणि एकदम तीन गुण पदरात पडले. सोपा पर्याय दिसत नसताना तिने तो फटका निवडला, आणि तो निवडताना तिच्या तीन सहकाऱ्यांनी तिच्यावर ठेवलेला विश्वास मला त्या फटक्याइतकाच मोलाचा वाटतो. सामना 9-6 असा संपला.

ऑलिंपिकमधील कर्लिंगचे सामने नागानोजवळच्या कारुइझावा येथे झाले. उपांत्य फेरीत ब्रिटनने जादा एंडपर्यंत झुंज दिली आणि कॅनडाने 6-5 असा निसटता विजय मिळवला. अंतिम सामन्यात हेलेना ब्लाख लावर्सनच्या डेन्मार्कला 7-5 असे नमवून चौघींनी सुवर्णपदक घेतले. डेन्मार्कच्या दृष्टीनेही तो सामना ऐतिहासिक ठरला, कारण त्या देशाचे हिवाळी ऑलिंपिकमधील ते पहिलेच पदक होते.

जून 1999 मध्ये दुसऱ्या मुलीचा, जेनाचा, जन्म झाला आणि काही आठवड्यांतच सँड्राला कर्करोग असल्याचे निदान झाले. उपचार चालू असतानाही फेब्रुवारी 2000 मध्ये ती मंक्टन येथे कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेचे समालोचन करायला गेली आणि तेथे तिने आपल्या आजाराविषयी पत्रकारांशी मोकळेपणाने बोलून घेतले. 2 मार्च 2000 रोजी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी रजायनात तिचे निधन झाले. त्याच सुमारास सास्काटूनमध्ये पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा चालू होती. अंत्यविधीच्या दिवशी तेथील सामने उशिरा सुरू करण्यात आले आणि हा विधी देशभर दूरचित्रवाणीवरून थेट दाखवण्यात आला. एका खेळाडूच्या वाट्याला असा मान येणे कॅनडातही दुर्मीळ होते. बिगरसारख्या असंख्य गावांतील माणसांना ती आपल्याच रिंकवरची वाटत होती, आणि त्या मानामागचे कारण मला तरी हेच दिसते.

2001 मध्ये तिच्या नावाने प्रतिष्ठान स्थापन झाले. मुदतीपूर्वी जन्मलेल्या आणि गंभीर आजारी असलेल्या नवजात बालकांच्या अतिदक्षता उपचारांसाठी कॅनडातील रुग्णालयांना लागणारी उपकरणे घेण्याकरिता ते निधी जमवते, आणि या निधीचे आवाहन महिलांच्या त्याच राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रक्षेपणादरम्यान केले जाते.