फ्रँकलिनच्या थडग्यावर ‘तो’ मजकूर नाही

‘बी. फ्रँकलिन, मुद्रक, याचा देह, पानं फाटलेल्या जुन्या पुस्तकाच्या वेष्टनासारखा इथे पडला आहे, किड्यांचं खाद्य होऊन. पण नवी, सुधारित आवृत्ती निघेल.’ अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक, बेंजामिन फ्रँकलिनच्या थडग्यावर हा मजकूर कोरलाय, असं आपण वर्षानुवर्षं ऐकतो. कोरलेला नाही!

मजकूर त्याचाच, पण १७२८च्या सुमाराचा, म्हणजे विशीतल्या छापखानेवाल्याची गंमत. तो वारला १७९० साली, ८४व्या वर्षी. मृत्युपत्रात त्याने स्पष्ट लिहून ठेवलं होतं: संगमरवराची साधी शिळा, ६ फूट लांब, ४ फूट रुंद, वरच्या कडेला बारीकशी नक्षीपट्टी, आणि त्यावर फक्त नवराबायकोची नावं व साल. फिलाडेल्फियातल्या ख्राइस्ट चर्चच्या दफनभूमीत आजही तेवढंच दिसतं: ‘बेंजामिन आणि डेबोरा फ्रँकलिन, १७९०’. (डेबोरा १७७४ मध्येच गेली होती.) मुद्रक नाही, मुत्सद्दी नाही, काही नाही.

गोंधळाला कारण आहे. तो तरुणपणीचा मजकूर जवळच एका वेगळ्या फलकावर दिला आहे. घाईतला पर्यटक फलक वाचतो आणि प्रथेप्रमाणे शिळेवर पेनी (एका सेंटचं नाणं) टाकून पुढे जातो. नाण्यांच्या माऱ्याने त्या संगमरवराला मात्र खळगे पडलेत.

आणि हो, १०० डॉलरच्या नोटेवर असला तरी तो राष्ट्राध्यक्षही कधी नव्हता.