लो-कार्ब हाय-फॅट आणि लो-कार्ब हाय-प्रोटीन: दोन वेगळी ताटं

कातडी काढलेलं चिकन ब्रेस्ट, बलक फेकून दिलेली अंडी, फॅट-फ्री दही आणि वर प्रोटीन पावडरचा शेक. असं जेवणारा माणूस दोन आठवड्यांनी सांगतो, "लो-कार्ब हाय-फॅट करून पाहिलं, पार गळून गेलो, आपल्याला नाही जमत." अहो, पण यात फॅट होतं कुठे? जे जमलं नाही ते दुसरंच काहीतरी होतं: लो-कार्ब हाय-प्रोटीन. हा घोळ इतक्यांदा ऐकलाय की आता एकदाचं लिहूनच टाकतो.

कार्बवर, म्हणजे पिष्टमय आणि गोड पदार्थांवर, वेळ घालवत नाही. साखर, ब्रेड, भात, बटाटा, गोड पेयं यांतलं काय सोडायचं हे तुम्हाला पाठ आहे. तिथे दोन्ही आहार सारखेच: कुणी दिवसाला 100 ग्रॅमवर थांबतं, कुणी 50 वर, कुणी 20-30 वर. प्रश्न त्यानंतरचा आहे. कार्ब काढल्यावर जी जागा रिकामी होते, तिथे काय येतं?

आकडे मांडून बघू. रोज 2000 कॅलरी लागणाऱ्या माणसाच्या निम्म्या कॅलरी कार्बमधून येत असतील, तर ते झाले 250 ग्रॅम कार्ब, म्हणजे 1000 कॅलरी. ते 50 ग्रॅमवर आणले की 200 कॅलरी उरतात आणि 800 चा खड्डा पडतो. बहुतेकांची गाडी इथेच घसरते, कारण कार्बची भीती नवी असली तरी फॅटची भीती जुनी असते आणि ती काही जात नाही. म्हणून कार्ब जातात, फॅट आधीपासूनच कमी असतं, आणि खड्डा प्रोटीनने भरायचा प्रयत्न सुरू होतो.

शिजवलेल्या, कातडी काढलेल्या 100 ग्रॅम चिकन ब्रेस्टमध्ये साधारण 165 कॅलरी, 31 ग्रॅम प्रोटीन आणि जेमतेम साडेतीन ग्रॅम फॅट असतं. 800 कॅलरी त्यातून काढायच्या तर रोज जवळजवळ अर्धा किलो चिकन जास्तीचं खायला हवं, म्हणजे आणखी 150 ग्रॅम प्रोटीन. आधी 75 ग्रॅम खात असाल तर एकूण 225. यातून 900 कॅलरी, म्हणजे दिवसाच्या 45 टक्के. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने प्रौढांसाठी प्रोटीनची जी मर्यादा सुचवली आहे, तिचं वरचं टोक 35 टक्क्यांवर आहे. आता तोच खड्डा फॅटने भरायचा तर सुमारे 90 ग्रॅम पुरतं, कारण फॅटच्या एका ग्रॅममध्ये 9 कॅलरी आणि प्रोटीनच्या एका ग्रॅममध्ये 4.

पण खरी मेख कॅलरीच्या या आकड्यात नाही, शरीर या दोन गोष्टींचं काय करतं यात आहे. फॅट हे सरळ इंधन आहे. ते जाळलं की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं, काम संपलं. प्रोटीन आधी बांधकामाला लागतं: स्नायू, एन्झाइम, त्वचा, रक्तातली प्रथिनं. गरजेपेक्षा जास्त आलं तर शरीर तेही जाळतं, पण त्याआधी त्यातला नायट्रोजन वेगळा काढावा लागतो. यकृत त्याचा युरिया करतं आणि मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात. या कामाला वेगाची मर्यादा आहे. शिवाय प्रोटीन पचवण्यातच त्याच्या ऊर्जेचा 20 ते 30 टक्के भाग खर्च होतो. फॅटच्या बाबतीत हा खर्च फार तर 3 टक्के. घराचे वासे चुलीत घालूनही स्वयंपाक होतो, पण ते काही जळण नव्हे.

हे प्रयोगातही दिसलेलं आहे. ध्रुवीय प्रदेशात वर्षानुवर्षं राहिलेला संशोधक व्हिल्यालमुर स्टेफान्सन आणि त्याचा सहकारी कार्स्टन अँडरसन यांनी 1928 मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली वर्षभर फक्त मांसाहार करायचं ठरवलं. डॉक्टरांनी सुरुवातीला स्टेफान्सनला चरबी काढलेलं मांसच खायला सांगितलं. उत्तरेत अशा मांसाने पोट बिघडतं हा त्याचा जुना अनुभव होता, तरी त्याने ऐकलं. तिसऱ्या दिवशी मळमळ आणि जुलाब सुरू झाले. चरबीयुक्त मांस दिल्यावर दोन दिवसांत गडी ठणठणीत. पुढचं वर्ष दोघांनी मांसावरच काढलं, पण त्यांच्या आहारातल्या बहुतांश कॅलरी चरबीतून येत होत्या. कार्ब दोन्ही वेळा नगण्यच होते, बदललं ते फॅट आणि प्रोटीनचं प्रमाण. "लो-कार्बने गळून गेलो" म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण या तिसऱ्या दिवसाच्या सौम्य आवृत्तीत अडकलेले असतात.

म्हणून हाय-प्रोटीन आहार खोटा ठरत नाही. त्याचं काम वेगळं आहे. फ्रेंच डॉक्टर पिएर डुकान यांच्या आहाराचा पहिला टप्पा असाच आहे: चरबीविरहित प्रोटीन, थोडा ओट ब्रॅन (ओटचा कोंडा), बस्स. स्पर्धेआधी अंगावरची चरबी उतरवणारे शरीरसौष्ठवपटूही थोडे दिवस हेच करतात. प्रोटीनने पोट भरल्यासारखं वाटतं, स्नायू टिकतात आणि ऊर्जेची तूट मुद्दाम ठेवलेली असते. तूट हाच त्या आहाराचा हेतू आहे, म्हणून तो आखीव मुदतीचा असतो. लो-कार्ब हाय-फॅट हा रोज, महिनोन्महिने जेवण्याचा प्रकार आहे. त्यात ऊर्जा कुठूनतरी यावीच लागते. मुदतीचा आहार कायमचा समजून करत राहिलं की चिडचिड, थंडी वाजणं आणि रात्री अकराला बिस्किटांच्या डब्याशी गाठ ठरलेली.

गंमत म्हणजे हा घोळ जुनाच आहे. 1863 मध्ये लंडनच्या विल्यम बँटिंगने आपण वजन कसं उतरवलं यावर एक पुस्तिका काढली. दक्षिण आफ्रिकेत आज लो-कार्ब हाय-फॅट आहाराला त्याच्याच नावाने ओळखतात. पण बँटिंगला जे पदार्थ वर्ज्य सांगितले होते, त्यांत ब्रेड, साखर, बिअर आणि बटाट्यांच्या जोडीला लोणी आणि दूधही होतं!

आता उलट्या बाजूचे लोक. "हाय-फॅट" वाचलं की हे कॉफीत लोणी घोळवतात, चमच्याने खोबरेल तेल पितात, आणि महिन्याने विचारतात की वजन का हलत नाही. मला हे फॅट-फ्री दहीवाल्यांपेक्षाही जास्त खटकतं, कारण मूळ दोष टक्केवारीचा आहे. खाणं मोजणाऱ्या ॲपमधला तो रंगीत गोल 70 टक्के फॅट दाखवतो आणि माणूस तो गोल भरत बसतो. रोज 100 ग्रॅम प्रोटीन आणि 30 ग्रॅम कार्ब पक्के धरा. वजन टिकवायचं असेल आणि 2000 कॅलरी हव्या असतील तर फॅट येतं 164 ग्रॅम, म्हणजे 74 टक्के. वजन उतरवायला 1400 वर आलात तर फॅट 98 ग्रॅम, 63 टक्के. टक्के घसरले म्हणून आहार बिघडला का? उलट, उरलेलं फॅट अंगावरच्या साठ्यातून येतंय, त्यासाठीच तर सगळा खटाटोप. म्हणून टक्के विसरा आणि ग्रॅम बघा. कार्बला वरची मर्यादा असते, प्रोटीनला गाठायचा आकडा (वजन उतरवताना प्रत्येक किलो वजनामागे साधारण 1.2 ते 1.6 ग्रॅम), आणि फॅट भुकेप्रमाणे कमी-जास्त करायचं असतं.

आणखी एक भीती: जास्तीच्या प्रोटीनची साखर होते, म्हणून तिसरं अंडं नको. शरीर प्रोटीनपासून ग्लुकोज बनवतं हे खरं, पण प्रामुख्याने गरजेनुसार. तुम्ही खाल्लं म्हणून ढीगभर बनत नाही. ही भीती आली आहे मिरगीवरच्या उपचारातून. 1921 मध्ये मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी कीटोजेनिक आहार सुचवला. त्याच्या अभिजात रूपात फॅटचं वजन प्रोटीन आणि कार्ब मिळून होणाऱ्या वजनाच्या चौपट असतं, म्हणजे सुमारे 90 टक्के कॅलरी फॅटमधून. तिथे प्रोटीन मोजूनमापून द्यावंच लागतं, कारण झटके थांबवायचे असतात. पोटाचा घेर कमी करायला निघालेल्याने तो नियम उचलायचं काही कारण नाही.

बाकीचे फरक किरकोळ. दोन्हीकडे सुरुवातीच्या दिवसांत मूत्रावाटे मीठ आणि पाणी जास्त जातं आणि डोकं दुखतं. रक्तदाबाचा त्रास नसेल तर जेवणात मीठ जरा वाढवा. दोन्हीकडे हिरव्या भाज्या लागतात. पुढे जाऊ.

रोजच्या जेवणात बदल करायचा तो छोटाच असतो. अंडं अख्खं खा. बलकात अंड्यातलं जवळजवळ सगळं फॅट आहे आणि प्रोटीनचाही बराच वाटा, तो टाकून नुसता पांढरा भाग खाणं मला अन्नाचा अपमान वाटतो. चिकनची मांडी कातडीसकट घ्या. सामन किंवा बांगड्यासारखा तेलकट मासा, साय न काढलेलं दही, आणि भाजीवर सढळ हाताने तेल. प्रोटीन बार मला मुळीच मान्य नाही, तो चॉकलेटच आहे, फक्त व्यायामाचे कपडे घातलेलं. शाकाहारी असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: कडधान्यांना सगळे "प्रोटीन" म्हणतात, पण सुक्या मसुरात 25 टक्क्यांच्या आसपास प्रोटीन आणि 60 टक्क्यांच्या आसपास कार्ब असतात. शेंगदाण्यात प्रोटीन तेवढंच, फॅट जवळपास निम्मं आणि कार्ब 16 टक्के. लो-कार्ब हाय-फॅटमध्ये शेंगदाणे सहज बसतात, मसूर मोजून घ्यावा लागतो.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर यातला कुठलाही आहार सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोला, कारण कार्ब कमी झाल्यावर तोच डोस जास्त पडतो आणि साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हाय-प्रोटीनच्या वाटेला परस्पर जाऊच नका. आणि हाय-फॅटवर काही जणांचा एलडीएल (ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात तो) बराच चढतो. दोन-तीन महिन्यांनी लिपिड तपासून घ्या. चढलेला दिसला तर लोणी आणि चीज कमी करून त्यांच्या जागी ऑलिव्ह तेल, मासे आणि अक्रोड-बदाम आणा, आणि पुन्हा तपासा.