टायरॉडचा एक आटा

“शॉकअप बदलले, लोअर आर्मचे बुश बदलले, टायरॉड एंड नवे टाकले. स्टिअरिंग सोडून बघा, गाडी नाकासमोर जाते की नाही! अलाइनमेंट कशाला करताय उगाच?” जुन्या मारुती ८००चं पुढचं काम उरकून किल्ली परत देताना मेकॅनिक हे अगदी मनापासून सांगतो. आपणही मान डोलावतो. पाचसहा हजार किलोमीटरनंतर टायरची कड गुळगुळीत झालेली दिसते, आणि शिव्या बसतात टायर कंपनीला.

गाडी ओढत नाही म्हणजे चाकं सरळ आहेत, हा समज फार पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. झीज करणारी चूक आणि गाडी ओढणारी चूक या बहुतेक वेळा दोन वेगळ्या चुका असतात.

अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन मोजून ते जागेवर आणणं. त्यात चाकाचे तीन कोन महत्त्वाचे. समोरून पाहिलं तर चाकाचा माथा आत किंवा बाहेर झुकलेला दिसतो, तो कॅम्बर. चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष बाजूने पाहिल्यावर मागे कललेला असतो, तो कॅस्टर. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं त्यात त्याचा मोठा वाटा. आणि वरून पाहिल्यावर चाकांची तोंडं, म्हणजे पुढच्या कडा, आत आहेत की बाहेर, तो टो. पहिल्या दोघांत डाव्या-उजव्या चाकात फरक पडला की गाडी एका बाजूला ओढते. टायर सर्वात जास्त खातो तो मात्र टो, आणि तो बोलत नाही.

टायरॉड म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा, आणि एंड म्हणजे त्यावर आट्यांनी बसणारं टोक. आता हे टायरॉड एंड बदलताना काय होतं ते पाहू. चांगला मेकॅनिक जुना एंड काढताना आटे मोजतो आणि नवा तितकेच आटे फिरवून बसवतो. पद्धत चांगलीच आहे, पण ती गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत नेण्यापुरती. एका आट्याची पुढची चाल सव्वा मिलिमीटर आणि चाकाच्या स्टिअरिंग आर्मची (टायरॉड ज्याला जोडलेला असतो त्या दांडीची) लांबी ११० मिलिमीटर धरू. एक आटा चुकला तर चाक सुमारे ०.६५ अंशाने फिरतं. सरळ रस्त्यावर ही चूक दोन्ही चाकं निम्मी-निम्मी वाटून घेतात, म्हणजे प्रत्येकी साधारण ०.३३ अंश. डोळ्यांना हे दिसणं शक्य नाही. पण या कोनाचा हिशेब केला तर गाडी एक किलोमीटर सरळ जाते तेव्हा प्रत्येक पुढचं चाक सुमारे पावणेसहा मीटर आडवं जाऊ पाहत असतं आणि त्याला जाऊ दिलं जात नाही. दहा हजार किलोमीटरांत हे अंतर पन्नास किलोमीटरांच्या पुढे जातं.

“म्हणजे टायर पन्नास किलोमीटर आडवा घासला?” नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. छोट्या गाडीचा टायर साधारण दहा सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्यात रस्त्याला टेकलेला असतो. रबराचा एक ठोकळा या पट्ट्याच्या पुढच्या टोकाला रस्ता पकडतो आणि तिथेच चिकटून राहतो. चाक मात्र किंचित तिरकं असल्यामुळे टायरचा सांगाडा त्या ठोकळ्याच्या वरून बाजूला सरकत जातो. ठोकळा ताणला जातो. पट्ट्याच्या मागच्या टोकापर्यंत हा ताण अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त होतो. तिथे वजन कमी झाल्याने पकड सुटते आणि रबर झटक्यात जागेवर येतं. घासणं होतं ते मुख्यतः या सुटण्याच्या क्षणी. ताशी ६० किलोमीटर वेगात हे सगळं सहा सहस्रांश सेकंदात उरकतं. ८००च्या १४५/७० आर १२ टायरचा घेर सुमारे १.६ मीटर, म्हणजे प्रत्येक ठोकळ्याला किलोमीटरमागे सव्वासहाशे हिसके. खोडरबर सतत एकाच दिशेने ओढलं की त्याची एक कड जशी धारदार होते, तसंच या ठोकळ्यांचं होतं. तळहात टायरवरून आडवा फिरवून बघा. बाहेरून आत नेताना गुळगुळीत आणि आतून बाहेर आणताना खरखरीत लागलं तर चाकांची तोंडं आत आहेत; उलट लागलं तर बाहेर.

आणि गाडी ओढत का नाही? डावं चाक जेवढ्या जोराने गाडी उजवीकडे ढकलतं, तेवढ्याच जोराने उजवं डावीकडे ढकलतं. दोन्ही जोर एकमेकांना संपवतात, भुर्दंड टायर भरतो.

पण नुसते शॉकअप बदलले, टायरॉडला हातही लावला नाही, तर? ८००मध्ये पुढे मॅक्फर्सन स्ट्रट आहे. अर्ल मॅक्फर्सन या अमेरिकन अभियंत्याची ही रचना १९५०च्या ब्रिटिश फोर्ड कॉन्सल आणि झेफिरमध्ये आली; कमी भाग, कमी जागा, म्हणून छोट्या गाड्यांनी ती उचलली. इथे शॉकअप नुसते धक्के खात नाही, चाक उभं धरण्याचं कामही तेच करतं. ते खाली दोन बोल्टांनी नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, जोडलेलं असतं, आणि बोल्टाच्या भोकात थोडी मोकळीक असते. दोन बोल्टांत ५०-६० मिलिमीटर अंतर धरलं, तर एक बोल्ट एका मिलिमीटरने सरकला की कॅम्बर सुमारे एक अंशाने बदलतो. आता टायरॉडचं टोक खालच्या बॉल जॉइंटपेक्षा (नकल ज्या गोल सांध्याने लोअर आर्मला जोडलेला असतो त्यापेक्षा) ८० मिलिमीटर उंच आहे असं समजा. नकल एक अंशाने आत झुकला की ते टोक १.४ मिलिमीटर आत जायला हवं. पण टायरॉडची लांबी ठरलेली, तो जाऊ देत नाही. उलट स्टिअरिंग आर्मलाच बाहेर रेटतो. आर्म चाकाच्या मागच्या बाजूला असेल तर चाकाचं तोंड आत वळतं, जवळजवळ पाऊण अंशाने. म्हणजे ज्याला पाना लागलाच नाही, तो टोही बदलला.

बुशचंही एक आहे. लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा, आणि बुश म्हणजे त्याच्या सांध्यातला रबरी तुकडा. गाडी जॅकवर, चाकं हवेत लोंबकळत असताना लोअर आर्मचे बोल्ट करकचून आवळले, तर गाडी खाली उतरताच बुशमधलं रबर पिळलं जातं. ते आर्मला परत खाली ढकलत राहतं, गाडी किंचित उंच उभी राहते आणि बुश लवकर फाटतो. शेवटचं आवळणं चाकांवर वजन आल्यावर करायचं, आणि अलाइनमेंट त्यानंतर. बॉल जॉइंटमध्ये खेळ असेल तर तो आधी काढायचा; हलत्या चाकाचा कोन मोजून काय मिळणार?

‘थ्री-डी अलाइनमेंट’च्या पाटीला भुलायचं कारण नाही. कॅमेरे आणि चाकांवरच्या पाट्या कोन उत्तम मोजतात, पण दुरुस्ती शेवटी कुणीतरी खाली वाकून टायरॉडचा चेकनट (त्याची लांबी पक्की धरणारा नट) सैल करूनच होते. ८००सारख्या गाडीत कंपनीने सोय दिली आहे ती पुढच्या टोची; कॅम्बर बोल्टाच्या मोकळिकीत सापडेल तेवढाच. त्याच दुकानात नायट्रोजन भरण्याचा आग्रह होतो. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन फुकट असतो, आणि चुकलेल्या टोवर उरलेल्या २२ टक्क्यांनी काही फरक पडत नाही.

निघताना आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला कागद मागून घ्या. स्टिअरिंग वाकडं राहिलं तर दोन्ही टायरॉड सारख्या आट्यांनी, एक आत आणि एक बाहेर, फिरवून ते सरळ करायला सांगा. काही जण स्टिअरिंगचं चाकच काढून दात बदलून सरळ बसवतात. त्याने रॅक, म्हणजे स्टिअरिंगबरोबर डावी-उजवीकडे सरकणारी दातेरी पट्टी, मध्यावर येत नाही, आणि यू-टर्न घेताना गाडी एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी वळते. मागच्या चाकांचे आकडे लाल, म्हणजे मर्यादेबाहेर, दिसले तर पुढचे टायरॉड फिरवून ते हिरवे होणार नाहीत. तिथे फिरवायला काही दिलेलंच नाही. गाडी पुन्हा जॅकवर घेऊन गेलेला बुश किंवा वाकलेला भाग शोधावा लागतो.