अन्ननलिकेतली दाणेदार गाठ : एका चुकीच्या नावाचा प्रवास

एंडोस्कोपीच्या अहवालात ‘अन्ननलिकेत गाठ’ असं वाचलं की घरातल्या सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. पण ती गाठ ‘ग्रॅन्युलर सेल ट्यूमर’ (दाणेदार पेशींची गाठ) असेल, तर घाबरण्याआधी तिचा इतिहास जाणून घ्यावा.

मॉस्कोचे विकृतिशास्त्रज्ञ अलेक्सेई अब्रिकोसोव्ह यांनी १९२६ मध्ये या गाठीचं वर्णन केलं. (१९२४ मध्ये लेनिन यांचं शवविच्छेदन करणारे ते हेच.) मोठाल्या पेशी, त्यांत ठासून भरलेले बारीक दाणे. जिभेत, स्नायूंच्या लगत त्या दिसल्या. म्हणून अपक्व स्नायूपेशींपासूनच त्या बनल्या असाव्यात असा त्यांनी तर्क केला, आणि ‘मायोब्लास्टोमा’ हे नाव रुजलं. अन्ननलिकेतली पहिली गाठही त्यांनीच १९३१ मध्ये नोंदवली.

तर्क चुकला होता. १९६० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं दाखवलं की या पेशींचं नातं मज्जातंतूंना वेढणाऱ्या ‘श्वान’ (Schwann) पेशींशी आहे. पुढे अशा पेशींत आढळणाऱ्या एस-१०० प्रथिनाच्या चाचणीनं त्याला दुजोरा दिला. दाण्यांचं कोडं मात्र २०१८ पर्यंत टिकलं. पेशीतल्या पिशव्यांमध्ये आम्लता राखणाऱ्या यंत्रणेच्या दोन जनुकांपैकी एखादं बिघडलं की कचरा पचत नाही, साचत जातो. तेच ते दाणे.

मग कर्करोगाचं काय? घातक निघणाऱ्या गाठी साधारण शंभरात एक-दोन. अडचण अशी की घातक गाठही पुष्कळदा साधीच दिसते. त्यासाठी १९९८ मध्ये सहा खुणा ठरवल्या गेल्या: मृत ऊती, लांबुळक्या पेशी, ठळक केंद्रिका (केंद्रकातला गडद ठिपका), वाढलेलं विभाजन, पेशीच्या मानानं मोठं केंद्रक आणि केंद्रकांचे वेडेवाकडे आकार. तीन किंवा अधिक खुणा आढळल्या तर गाठ घातक धरतात.

मला याहून जास्त काळजी याच्या उलट होणाऱ्या चुकीची वाटते. गाठीवरचं अस्तर कधीकधी जाड होऊन खाली बोटांसारखं उतरतं आणि हुबेहूब स्क्वॅमस कर्करोगासारखं (अस्तराच्या चपट्या पेशींच्या कर्करोगासारखं) दिसतं. बायोप्सीचा तुकडा वरवरचा असला तर खालच्या दाणेदार पेशी त्यात येतच नाहीत, आणि साध्या गाठीवर कर्करोगाचा शिक्का बसू शकतो.

दुर्बिणीतून ही गाठ बहुधा अन्ननलिकेच्या खालच्या भागात दिसते: पिवळसर, टणक, दाढेच्या माथ्यासारखी. लहान आणि त्रास न देणारी असेल तर तिच्यावर लक्ष ठेवतात. वाढू लागली किंवा गिळताना अडथळा आला, तर आधी सोनोग्राफी जोडलेल्या एंडोस्कोपनं तिची खोली मोजतात आणि शक्य असेल तर दुर्बिणीतूनच काढतात.