सायनचा स्टोनमॅन आणि जपून न ठेवलेला मुद्देमाल

परवा रात्री साडेबाराच्या सुमारास किंग्ज सर्कलला पुलाखालून चालत येत होतो. फुटपाथवर ओळीनं माणसं झोपलेली, एवढं उकडत असूनही प्रत्येकानं चादर डोक्यावरून ओढलेली, चपला उशाखाली, आणि मला आई आठवली, ती म्हणायची, त्या दगडवाल्याच्या वेळी हे सगळे एकमेकांना खेटून झोपायचे, मधे हातभर जागा सुटली तरी कुणीतरी सरकून भरायचा. तेव्हा मी लहान होतो, फार काही कळत नव्हतं, पण दगडवाला हा शब्द डोक्यात राहिला तो राहिलाच.

आजकाल कुठेतरी ३०-४० वर्षांपूर्वीचा खुनी डीएनएवरून पकडला अशी बातमी आली की लोक लगेच विचारतात, मग आपल्या स्टोनमॅनचं, म्हणजे त्या दगडवाल्याचं, का होत नाही? प्रश्न बरोबर आहे, म्हणून जरा मागे जाऊन सांगतो.

१९८५ पासून साधारण दोन वर्षं मुंबईत सायन ते किंग्ज सर्कल या पट्ट्यात रस्त्यावर एकटी झोपणारी माणसं मारली गेली, कमीत कमी १२. पद्धत एकच, अंधाराची जागा, माणूस गाढ झोपेत, आणि डोक्यात मोठा दगड, काही दगड तर ३० किलोपर्यंतचे होते म्हणतात. ज्यांच्याकडे चोरण्यासारखं काही नाही अशी माणसं, त्यामुळे हेतूच लागत नव्हता, आणि हे सगळं एकाच माणसाचं काम असावं हे लक्षात येईपर्यंत ५-६ जीव गेलेले. सायनला एक वेटर हल्ल्यातून वाचला, पण उजेडच इतका कमी की त्याला चेहरा नीट दिसला नाही. मग १९८७ च्या आसपास हे प्रकार थांबले, जसे सुरू झाले तसेच. १९८९ मधे कलकत्त्यात असेच १३ खून झाले, स्टोनमॅन हे नाव तिथल्या इंग्रजी पेपरांनी दिलं आणि मग ते आपल्याकडच्या खुन्यालाही चिकटलं. दोन्हीकडे माणूस एकच होता का, हे आजवर कुणी सिद्ध करू शकलेलं नाही.

त्याच्या आधी १९६८ मधे रमण राघव सापडला होता, तोही झोपडीत आणि फुटपाथवर झोपलेल्यांनाच मारायचा. पण तो सापडला तो सब-इन्स्पेक्टर अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी रस्त्यात ओळखला म्हणून, मग बोटांचे ठसे जुन्या रेकॉर्डशी जुळले आणि नंतर त्याचा कबुलीजबाब. म्हणजे रेकॉर्ड होतं म्हणून जुळलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता योगायोग बघा. सायनला पहिला दगड पडण्याच्या काही महिने आधी, १० सप्टेंबर १९८४ ला सकाळी इंग्लंडमधे लेस्टरला अ‍ॅलेक जेफ्रीज नावाच्या शास्त्रज्ञानं एक एक्स-रे फिल्म डेव्हलप केली आणि त्यावरच्या पट्ट्या बघून त्याच्या लक्षात आलं की यावरून माणूस ओळखता येईल. त्याच लेस्टरजवळच्या गावांत १९८३ आणि १९८६ मधे दोन शाळकरी मुलींवर बलात्कार करून खून झाले होते. पोलिसांनी १७ वर्षांचा एक मुलगा धरला, त्यानं एका खुनाची कबुलीही दिली होती! डीएनए लावला तर दोन्ही खून एकाच माणसाचे निघाले आणि तो माणूस हा मुलगा नव्हता. खुनाच्या तपासात डीएनए पहिल्यांदा वापरला गेला तो असा, एका निर्दोष पोराला सोडवायला, आणि मला हे कायम फार महत्त्वाचं वाटत आलंय. मग आजूबाजूच्या गावांतल्या ५ हजार पुरुषांचे नमुने घेतले, खरा खुनी कॉलिन पिचफोर्क, त्यानं आपल्या जागी दुसऱ्यालाच रक्त द्यायला पाठवलं होतं, ते पबमधल्या गप्पांतून फुटलं आणि सप्टेंबर १९८७ मधे तो आत गेला.

त्याच वर्षी, १९८७ च्या एप्रिलमधे, अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात गॅरी रिजवे या संशयिताला पोलिसांनी गॉजचा, म्हणजे जखमेवर लावतात त्या जाळीदार कापडाचा, तुकडा चघळायला लावला. तेव्हा त्या थुंकीचं करायचं काय हे तंत्र हातात नव्हतं, पण तो तुकडा कुणीतरी नीट ठेवला, नीट लेबल लावून. १४ वर्षांनी, २००१ मधे, नवीन पद्धतीनं तपासला तर १९८२-८३ च्या मृतदेहांवरच्या वीर्याशी जुळला. २००३ मधे त्यानं ४८ खून कबूल केले. तिथंही मारल्या गेलेल्या बऱ्याच मुली रस्त्यावर धंदा करणाऱ्या किंवा घरातून पळालेल्या, म्हणजे ज्यांची कुणी फारशी चौकशी करत नाही अशा, तरी गॉज मात्र जपला गेला.

कॅलिफोर्नियाचा गोल्डन स्टेट किलर तर सगळ्यांना माहीत आहे. १३ खून, ५० च्या आसपास बलात्कार, सगळं १९७० आणि ८० च्या दशकातलं. १९८० च्या एका दुहेरी खुनातला नमुना फ्रीजरमधे न वापरता पडून होता, तो वंशावळीच्या वेबसाइटवर चढवला, लांबचे चुलत नातेवाईक सापडले, त्यांचं घराणं मांडत मांडत पोलीस एका माणसापर्यंत आले, मग त्याच्या गाडीच्या दाराचं हँडल आणि कचऱ्यातला टिश्यू तपासला आणि एप्रिल २०१८ मधे ७२ वर्षांचा जोसेफ डिअँजेलो पकडला गेला, जो स्वतः आधी पोलिसात होता.

भारतात विज्ञान नव्हतं असं अजिबात नाही. हैदराबादला सीसीएमबी या सरकारी संशोधन संस्थेत लालजी सिंह यांनी ८० च्या दशकातच आपली स्वतःची पद्धत तयार केली, राजीव गांधींच्या हत्येत, दिल्लीच्या तंदूर खटल्यात ती वापरली गेली. आपल्याकडे कलिनाला लॅब आहे, केसच्या कागदात जो सीएचा, म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझरचा, रिपोर्ट म्हणतात तो तिथूनच येतो. अडतं ते त्याच्या आधी, मुद्देमालापाशी.

रक्तानं भिजलेला शर्ट ओला असताना प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून गाठ मारली की दोन दिवसांत बुरशी धरते आणि डीएनएची वाट लागते. तो सावलीत वाळवायचा, कागदी पाकिटात घालायचा, पंचांच्या सह्या, सील, आणि मग कोरड्या गार जागी ठेवायचा. मुंबईच्या हवेत पावसाळ्याचे चार महिने भिंतीलासुद्धा ओल येते तिथे इतकी वर्षं एखादं पाकीट धड राहायला कुणीतरी मनावर घ्यावं लागतं. दगडाचं तर अजून अवघड, त्यावर रक्त सापडणार ते मेलेल्या माणसाचं, मारणाऱ्याच्या तळहाताच्या चार पेशी खडबडीत पृष्ठभागावर राहिल्या असल्या तर राहिल्या, आणि १९८६ मधे त्या शोधायचा विचार जगात कुणीच करत नव्हतं, तेव्हा चाचणीला भरपूर ताजं रक्त लागायचं. त्यामुळे तेव्हाच्या पोलिसांना मी दोष देत नाही.

पण २००६ ला तर सगळं माहीत होतं ना! ऑक्टोबर २००६ ते जानेवारी २००७, मरीन लाइन्स-चर्चगेट भागात एकामागून एक खून, मृतदेहाजवळ बिअरचा कॅन मिळाला म्हणून बिअर मॅन नाव पडलं. एकाला अटक झाली, त्याच्या नार्को टेस्टचा केवढा गाजावाजा, २००९ च्या सुरुवातीला एका खुनात जन्मठेप आणि त्याच वर्षी हायकोर्टात पुरावा टिकला नाही म्हणून सुटका. २०१० मधे तर सुप्रीम कोर्टानं संमतीशिवाय नार्को करताच येणार नाही असं सांगितलं. त्याला सोडलं ते योग्यच, पण मग ते खून कुणी केले?

केस खरी पण आरोपी सापडत नाही, असं झालं की पोलीस कोर्टात ए समरी मागतात आणि फाइल कपाटात जाते. ती बंद होत नाही, खुनाला मुदत नसते, उद्या धागा मिळाला तर उघडता येते. पण जुळवायचं कशाशी? गुन्हेगारांच्या डीएनएची देशभराची एक बँक असावी म्हणून विधेयक २०१९ मधे लोकसभेत आलं आणि जुलै २०२३ मधे परत घेतलं गेलं. खासगीपणाचे प्रश्न खरे आहेत, ते मीही मानतो, पण परिणाम असा की ठशांचं जे रमण राघवच्या वेळी जमलं ते डीएनएचं आज जमत नाही. १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाल्यांनी घटनास्थळी जायलाच हवं असं आलंय, राज्यांना तयारीला ५ वर्षांपर्यंत वेळ दिलाय. हे झालं तर पुढच्या केसेसना नक्की उपयोग होईल.

सायनच्या केसला मात्र आणखी एक अडचण आहे. मेलेल्यांतले बरेच जण कागदावर अनोळखी पुरुष म्हणूनच राहिले, गाव नाही, नाव नाही, कुणी शोधत आलं नाही. समजा एखादा रक्ताचा डाग असलेला दगड आज कुठल्या कोठीत मिळालाच, तर त्यावरचं कुठलं रक्त मयताचं आणि कुठलं दुसऱ्याचं हे आधी वेगळं करावं लागणार, आणि त्यासाठी मयताच्या भावाचा, मुलाचा नमुना लागतो. तो भाऊ बिहारमधे आहे का सोलापूरला का इथेच धारावीत, हे १९८६ मधे कुणी विचारलेलं नाही.