वूदालिअनची

चीनच्या ईशान्य टोकाला, रशियाला लागून असलेल्या हेलाँगजिआंग प्रांतातील छोटे शहर. ते हैहे शहराच्या प्रशासनाखाली येते. वूदालिअनची म्हणजे एकमेकांना जोडलेली पाच तळी. शहराची मुख्य वस्ती मात्र तळ्यांपासून काही अंतरावर चिंगशान भागात आहे. हा मुलूख पूर्वी देदू परगणा म्हणून ओळखला जाई.

येथील भूमी थक्क व्हावे इतकी तरुण आहे. परिसरात ज्वालामुखींचे १४ शंकू असून त्यांतले लाओहैशान (‘जुना काळा डोंगर’) आणि हुओशाओशान (‘आगीने भाजलेला डोंगर’) हे दोन १७१९ ते १७२१ या काळात जागे झाले. आपल्याकडे पहिल्या बाजीरावाला पेशवाईची वस्त्रे मिळाली, ती याच सुमारास. चीनमध्ये तेव्हा कांगशी सम्राटाचे राज्य होते. डोंगरातून उतरलेल्या लाव्हाने नदीचे पात्र ठिकठिकाणी अडवले आणि पाणी तुंबून एकाखाली एक पाच तळी तयार झाली. त्यांना पहिले तळे, दुसरे तळे अशीच साधी नावे आहेत. तिसरे सर्वांत मोठे.

लाव्हाच्या पठाराला स्थानिक लोक ‘दगडांचा समुद्र’ म्हणतात. सह्याद्रीही बेसाल्टचाच, पण त्याला कोट्यवधी वर्षांच्या उन्हापावसाने झिजवले आहे. इथे दोराला पीळ भरावा तशा लाव्हाच्या वळ्या अजून जशाच्या तशा दिसतात. त्यांवर दगडफूल आणि शेवाळ धरले आहे. माती जवळजवळ नाहीच, त्यामुळे भेगांत मूळ धरलेली पॉप्लरची झाडे खुरटीच राहतात. उन्हाळ्यातही बर्फ न वितळणाऱ्या लाव्हागुहा इथे आहेत. युनेस्कोने २००४ मध्ये या परिसराला जागतिक भूउद्यानाचा दर्जा दिला.

गावकऱ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय मात्र झऱ्यांचे पाणी. ते बर्फासारखे गार, सोड्यासारखे फसफसणारे आणि लोहयुक्त. बाटलीत भरताना नितळ दिसते, पण हवा लागून काही वेळ गेला की तांबूस होते आणि तळाशी गंजासारखा साका बसतो. म्हणून ते झऱ्यापाशीच प्यावे. पोटाच्या व त्वचेच्या विकारांवर ते गुणकारी असल्याची श्रद्धा जुनी आहे. औषधोपचारांऐवजी त्यावर विसंबणे बरे नव्हे, पण या श्रद्धेनेच गावाला आरोग्यधाम बनवले. या पाण्यात केलेला टोफूही प्रसिद्ध आहे. चिनी पंचांगातील पाचव्या महिन्याच्या पंचमीला येथे जलपानाचा उत्सव भरतो. आदल्या रात्रीपासून झऱ्याशी गर्दी होते आणि मध्यरात्र उलटताच नव्या दिवसाचे पहिले पाणी भरून घ्यायला झुंबड उडते.